पायलट बलून चिमटीत दाबून प्रेशर कळत नाही: ट्यूबच्या कफचं प्रेशर मोजायचं कसं, आणि आपण चुकतो कुठं

आमच्या आयसीयूत नवीन पोरंपोरी जॉइन झाली की मी त्यांना आधी टेबलाशी बसवते. एक जुनी आठ नंबरची ट्यूब, वीस एमएलच्या सिरिंजचं रिकामं नळकांडं. ट्यूब म्हणजे पेशंटच्या श्वासनलिकेत घालतात ती श्वासाची नळी, कफ म्हणजे तिच्या आतल्या टोकाजवळचा फुगा, आणि पायलट बलून म्हणजे बारीक नळीने त्या कफला जोडलेला, बाहेर राहणारा छोटा फुगा. नळकांड्यात ट्यूबचा कफ फुगवायचा, पायलट बलून चिमटीत धरायचा आणि प्रेशर किती ते सांगायचं. सायकलच्या टायरला अंगठा लावून हवा बघतात ना, अगदी तसंच सगळे दाबतात. "पंचवीस असेल मॅडम." प्रेशर मोजायचा मॅनोमीटर लावला की ५५. पुढची म्हणते "टाइट आहे, तीसच्या वर," आणि निघतात १४. जुनेजाणते लोक पण यात हरतात, मी स्वतः हरते.

तरी वॉर्डात काय चालतं, तर दिवसातून एकदा बलून दाबायचा आणि चार्टवर "कफ ओके" लिहून मोकळं व्हायचं. मॅनोमीटर असतो, पण कपाटात, आणि किल्ली असते दुसऱ्या शिफ्टच्या सिस्टरकडे. आणि ज्यांच्याकडे तो हाताशी आहे तेही बऱ्याचदा मोजता मोजताच कफ बिघडवून ठेवतात, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल असेल तर तो आधी, आणि भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे डॉक्टर) सांगतील ते त्याहून आधी.

आकडे आधी पाठ करा

मोठ्या माणसात कफचं प्रेशर २० ते ३० सेंटीमीटर पाणी. ट्रॅकिऑस्टॉमीच्या, म्हणजे मानेतून घातलेल्या, ट्यूबलाही हेच धरायचं.

३० च्या वर गेलं की श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा कमी व्हायला लागतो, ५० च्या आसपास तो जवळपास थांबतोच. आधी घसा दुखणं, आवाज बसणं, मग व्रण, आणि बरेच दिवस असंच राहिलं तर श्वासनलिका आकसते, पेशंट घरी जाऊन महिन्याभराने धाप लागते म्हणून परत येतो. मागच्या बाजूला अन्ननलिका चिकटूनच असते, त्यात रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असेल तर फुगलेला कफ आणि रायल्स यांच्यामध्ये भिंत चिरडली जाते आणि श्वासनलिका-अन्ननलिकेमध्ये भोक पडू शकतं.

२० च्या खाली गेलं की उलटं. कफच्या वर साचलेली लाळ, उलटीचं पाणी, सगळं कडेकडेने थेंब थेंब फुफ्फुसात उतरतं. तुम्हाला दिसत काही नाही, तीन-चार दिवसांनी ताप आणि एक्सरेत न्यूमोनिया दिसतो. आपल्या खान्देशात कपाशीच्या फवारणीच्या दिवसात विषबाधेचे पेशंट लागोपाठ येतात, फॉस्फरसवाल्या औषधाचे, त्यांच्या तोंडातून लाळेचा नुसता झरा चालू असतो. अशा पेशंटचा कफ रात्रभर १२ वर राहिला तर ती लाळ जाणार कुठं?

इशारा: सेंटीमीटर पाणी आणि मिलिमीटर पारा वेगळे. १ मिलिमीटर पारा म्हणजे १.३६ सेंटीमीटर पाणी. म्हणजे आपली २० ते ३० ची पट्टी पाऱ्यात साधारण १५ ते २२ होते. बीपीच्या डायलवर ३० बघून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात ४१ ठेवलेलं असतं.

१. हात लावायच्या आधीची तयारी

सामान गोळा करा: कफ मॅनोमीटर आणि त्याची जोडनळी, दहाची सिरिंज, थ्री-वे (तीन तोंडांचा छोटा नळ), सक्शन (लाळ-बेडका ओढून घ्यायचं यंत्र) चालू करून तपासलेलं, स्पिरिटचा स्वॅब, आणि पेन. पेन खिशात पाहिजे, काउंटरवर नाही.

मॅनोमीटर आधी स्वतःवर तपासा. टोक बोटाने घट्ट बंद करा, बल्ब दाबून काटा ६० च्या वर न्या आणि थोडे सेकंद बघा. काटा खाली सरकला तर मॅनोमीटर किंवा नळी गळतेय, अशा यंत्राने मोजणं म्हणजे भोक पडलेल्या मापाने रॉकेल देणं. टोक मोकळं असताना काटा शून्यावर येतो का तेही बघा. आमच्याकडे एक मॅनोमीटर होता त्याचा काटा ८ वरच बसायचा, खाली पडला होता कधीतरी, कोणी सांगितलं नाही. कितीतरी दिवस आम्ही सगळ्यांचा कफ आठने कमी ठेवत होतो.

मग पेशंट. डोक्याची बाजू ३० ते ४५ डिग्री वर असू द्या, काही मनाई नसेल तर. ओठापाशी किंवा दातापाशी ट्यूब किती सेंटीमीटरवर आहे ते वाचा, चार्टवरच्या आकड्याशी जुळवा. बायकांत साधारण २१, पुरुषांत २३ च्या आसपास असतं, पण त्या पेशंटला ट्यूब टाकल्यावर एक्सरे बघून जो आकडा ठरवला तोच तुमचा आकडा.

मग तोंडात, घशात सक्शन. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. मोजताना कफ क्षणभर का होईना सैल पडू शकतो, आणि तेव्हा वर साचलेलं सगळं खाली जातं. ट्यूबला कफच्या वरून सक्शन करायची वेगळी बारीक नळी असेल तर तिच्यातूनही ओढून घ्या. ट्यूबच्या आतलं सक्शन लागणार असेल तर तेही आताच उरका आणि खोकला शांत होऊ द्या.

तपासा: पेशंट खोकत नाहीये, व्हेंटिलेटरशी भांडत नाहीये, कोणी त्याला कुशीवर करत नाहीये. खोकताना काटा ८०-९० पर्यंत उडी मारतो, तो आकडा कामाचा नाही.

२. मोजायचं: इथंच हवा निसटते

मॅनोमीटरच्या नळीत आत काही नसतं, ती रिकामी, बाहेरच्या हवेच्या दाबावर. ती पायलट बलूनच्या व्हॉल्व्हला लावली की कफमधली थोडी हवा त्या नळीत शिरते. म्हणजे तुम्ही "बघायला" म्हणून लावलं आणि कफ तेवढ्यातच ढिला झाला. आधी २६ होतं, तुम्हाला दिसतं १९, तुम्ही म्हणता कमी आहे. काढताना परत फुस्स करून थोडी जाते. एका शिफ्टमध्ये तीन जणांनी "जरा बघू" केलं की कफ गेला कामातून.

म्हणून असं करा. टोक बोटाने बंद करून बल्बने मॅनोमीटर आणि नळीत आधीच २५ च्या आसपास प्रेशर भरा. मग बोट काढून लगेच व्हॉल्व्हला जोडा. बोट काढून जोडेपर्यंत थोडं जातंच, त्यापेक्षा नळीच्या टोकाला थ्री-वे बसवा, नळीच्या बाजूने २५ भरून थ्री-वे बंद, पायलट बलूनला लावा, मग उघडा. दोन्हीकडे जवळपास सारखं प्रेशर असलं की हवा इकडून तिकडे फारशी पळत नाही, आणि काटा जिथं स्थिरावतो तो आकडा खऱ्याच्या जवळचा असतो.

व्हॉल्व्हला जोडताना नीट आत दाबून थोडं फिरवायचं. त्यात आत स्प्रिंग असते, अर्धवट बसलं तर व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि तुम्ही मॅनोमीटरचं स्वतःचंच प्रेशर वाचत बसता. काटा प्रत्येक श्वासाबरोबर हलकासा हलतोय का बघा, हलतोय म्हणजे कफशी जोड लागलीय.

आकडा श्वास सोडून झाल्यावरचा घ्या. मशीन हवा ढकलतं तेव्हा काटा वर जातो, तो घेऊ नका.

आता हा पहिला, सापडलेला आकडा लगेच लिहा. त्यानंतर सुधारा. कमी असेल तर बल्बने हळूहळू भरा, जास्त असेल तर रिलीजचं बटण टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा, एकदम दाबून धरलं तर कफ रिकामा होतो. मी २६ ते २८ वर ठेवून काढते, कारण काढताना एक-दोन जातात आणि पुढच्या तासांत आपोआप अजून थोडं उतरतं. २० वर काटेकोर आणून ठेवलं तर पाठ वळवेपर्यंत १७ झालेलं असतं.

मग पटकन, सरळ ओढून काढा. वाकडं करत, हलवत काढलं की स्प्रिंग उघडी राहते.

इशारा: काढल्यावर "परत एकदा खात्री" म्हणून लगेच पुन्हा लावू नका. सगळ्यात जास्त हवा या खात्रीतच जाते.

मॅनोमीटर पुढच्या बेडला न्यायच्या आधी स्पिरिटने पुसा. डायलवरच्या हिरव्या पट्ट्यावर पण फार जाऊ नका, काही डायलवर लॅरिंजियल मास्कसाठी (स्वरयंत्राच्या वर बसणारा मास्क) वेगळी पट्टी असते, एका पोराने ती बघून ट्यूबचा कफ ५० वर ठेवला होता आणि वर मला दाखवून म्हणतो, "मॅडम, ग्रीनमध्ये आहे."

३. मॅनोमीटरच नसेल तर

तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न असतोच. मग बीपीच्या यंत्राचा गोल डायल आणि थ्री-वे. थ्री-वेच्या एका तोंडाला डायलची रबरी नळी, दुसऱ्याला दहाची सिरिंज, तिसरं पायलट बलूनला. आधी बलूनकडचं तोंड बंद, सिरिंजने डायल १८ वर आणा, मग बलूनकडे उघडा. आकडा पाऱ्यात आहे, म्हणजे १५ ते २२ मध्ये ठेवायचं हे कागदावर लिहून डायललाच चिकटवा. ही नळी लांब आणि जाड, तिच्यात हवा फार मावते, म्हणून आधी भरणं इथं जास्तच गरजेचं. काही डायलचा काटा शून्यापाशी अडकतो किंवा २० च्या खाली नीट आकडेच नसतात, असा डायल बाजूला ठेवा.

ज्यांच्याकडे धमनीतलं बीपी मोजायच्या आर्टरी लाइनचा ट्रान्सड्यूसर आहे ते तोही वापरतात, त्याचंही माप पाऱ्यातच येतं.

स्टेथोस्कोपने मानेवर ऐकत, लीकचा आवाज थांबेपर्यंत हवा भरण्याची पद्धत ट्यूब टाकल्याबरोबर, पहिल्या मिनिटाला ठीक आहे. पण त्यानंतर आकडा बघायचाच. आवाज थांबला याचा अर्थ २२ पण असू शकतो आणि ४५ पण.

४. कधी कधी मोजायचं

ट्यूब टाकल्यावर. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला, म्हणजे निदान दर आठ तासांनी. आणि पेशंटला हलवलं की प्रत्येक वेळी: कुशी बदलली, पालथं केलं, सिटी स्कॅनला नेऊन आणलं, ट्यूबची पट्टी बदलली. मान वाकली की ट्यूब आत सरकते, मान मागे गेली की वर येते, आणि कफ नव्या जागी नव्या प्रेशरवर बसतो.

रेफर पेशंटचं वेगळं सांगते. अक्कलकुवा-धडगावकडून नंदुरबार, तिथून धुळे, कधी पुढे नाशिक. ॲम्ब्युलन्समध्ये तीन-चार तास खड्ड्यांतून डोकं हलत असतं. निघताना मोजा आणि रेफर चिठ्ठीवर लिहा, उतरवल्यावर व्हेंटिलेटरला जोडून एक मिनिट गेलं की परत मोजा. विमानाने नेत असतील तर उंचीवर कफमधली हवा फुगते, तिथं वाटेत सुद्धा बघावं लागतं.

आणि एक जुनी सवय अजून कुठं कुठं चालू आहे: दर दोन तासांनी कफ पाच मिनिटं रिकामा करायचा, "नळीला आराम" म्हणून. बंद करा. त्या पाच मिनिटांत वरची सगळी घाण खाली जाते आणि मशीनची हवा निसटते. आताचे कफ मोठे आणि मऊ असतात, २० ते ३० मध्ये ठेवले तर वेगळा आराम द्यावा लागत नाही.

५. ऑपरेशन थिएटरमधल्या भानगडी

इथं लोक म्हणतात दोन तासांचं तर ऑपरेशन आहे, काय होतंय. पण घसा बसलेला पेशंट दुसऱ्या दिवशी राउंडला तक्रार करतो ती याचीच.

सिरिंजने अंदाजे दहा एमएल ठोकू नका. ट्यूबचा नंबर आणि पेशंटची श्वासनलिका यावर किती लागेल ते ठरतं, कोणाला पाच-सहातच भागतं.

नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू चालू असेल तर तो कफच्या पातळ भिंतीतून आत शिरतो आणि प्रेशर चढत राहतं. सुरुवातीला २५ ठेवलेलं तासाभराने चाळीसच्या वर गेलेलं असू शकतं, म्हणून दर अर्ध्या तासाने बघा आणि जास्तीचं काढा. पण गंमत पुढे आहे. नायट्रस बंद केला की तो कफमधून परत बाहेर पडतो. तुम्ही मध्ये हवा काढलेली, वरून नायट्रसही गेला, आणि पेशंटला ट्यूबसकट आयसीयूत पाठवलं, तर आमच्याकडे येईपर्यंत कफ चपटा. नायट्रस वापरला असेल तर हॅण्डओव्हरला तोंडाने सांगा, आम्ही आल्या आल्या मोजू.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट गॅसने फुगवल्यावर आणि डोकं खाली केल्यावर प्रेशर वाढतं. मानेच्या, थायरॉइडच्या ऑपरेशनला मान मागे करून उशी दिल्यावर परत मोजा, चादरी अंथरायच्या आधी, नंतर तिथं हात पोचत नाही. बायपासमध्ये शरीर गार केल्यावर प्रेशर उतरतं.

लहान मुलांना कफवाली ट्यूब असेल तर २० च्या वर नको. लॅरिंजियल मास्कचं गणित वेगळं, तिथं ६० ही वरची हद्द आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्या बरंच खाली भागतं.

६. लीक आहे, आता काय?

ओळखायचं कसं: मशीन श्वासाला देतंय ४५० एमएल आणि परत येतंय ३५०. तोंडातून गुळगुळ आवाज, ओठाशी लाळेचे बुडबुडे. आणि कधी नातेवाईक सांगतात. एका रात्री एका पेशंटचा मुलगा धावत आला, तोंडभर हसत, "ताई, बाबा बोली राह्यना!" त्याचा आनंद बघून मला कसंतरी झालं, कारण ट्यूब टाकलेला माणूस आवाज काढतोय याचा अर्थ हवा कफच्या बाजूने वर येतेय. जाऊन बघितलं तर माझ्या आधीच ड्युटीवरच्या ब्रदरने पाच एमएल हवा भरली होती, मग परत पाच. लीक तेवढाच. ओठावरचा आकडा कोणी वाचलाच नव्हता. २२ ला बांधलेली ट्यूब १८ वर आली होती, कफ स्वरयंत्रात अडकून फुग्यासारखा वर निघाला होता, आणि आपण त्याच्यात अजून हवा कोंबत होतो. डॉक्टरांना बोलावून कफ रिकामा करून ट्यूब जागेवर बसवली. त्या दहा एमएलने आणखी पाच मिनिटांत ट्यूब बाहेरच आली असती.

म्हणून क्रम हा, आणि याच क्रमाने.

पहिलं, ऑक्सिजन किती आहे ते बघा आणि मदतीला हाक मारा. पेशंट खाली जात असेल तर बाकी सगळं नंतर.

दुसरं, ट्यूबचा आकडा. सरकलीय? हवा भरू नका, डॉक्टर.

तिसरं, प्रेशर मोजा. कमी असेल तर २६-२८ वर आणा आणि दहा मिनिटांनी बघा. टिकलं तर उत्तम. पुन्हा पडलं तर गळतंय कुठंतरी. पायलट बलून पाण्याच्या वाटीत बुडवा, बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह किंवा बलून फाटलाय. व्हॉल्व्ह खराब असेल तर त्याला थ्री-वे लावून, हवा भरून, थ्री-वे बंद करून ठेवा, तात्पुरतं काम होतं. बारीक नळीच तुटली असेल तर भूलतज्ज्ञ त्या नळीत योग्य मापाची सुई किंवा कॅन्युला घालून थ्री-वे लावतात. वर सगळं ठीक आणि तरी पडतंय म्हणजे कफ फाटला, ट्यूब बदलावी लागेल. ती तयारी करा: बूजी (ट्यूब बदलताना वाट दाखवणारी लवचिक काडी), त्याच नंबरची आणि एक लहान ट्यूब, सक्शन, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी).

चौथं, प्रेशर बरोबर आहे तरी लीक. मग ट्यूब पेशंटच्या मानाने लहान आहे का, मशीनचं प्रेशर फार चढलंय का, रायल्स ट्यूब चुकून श्वासनलिकेत गेलीय का, हे डॉक्टरांसोबत बघा.

इशारा: लीक थांबवायला प्रेशर ३० च्या वर न्यावं लागतंय तर ते डॉक्टरांना न सांगता नेऊ नका. आणि नेलंच तर का नेलं, किती वेळ, ते लिहा.

७. चार्टवर काय लिहायचं

"कफ ओके" नाही, टिक नाही. दोन आकडे: सापडलं १६, ठेवलं २७. वेळ. ओठावरचा आकडा. वरून भरलेली हवा किती एमएल, सिरिंजने भरली असेल तर.

दोन आकड्यांचा फायदा असा की तीन शिफ्ट ओळीने बघितल्या की कळतं. सापडलं २२, २१, २३, तर नेहमीसारखं उतरतंय. सापडलं २०, १५, ११, तर व्हॉल्व्ह हळूहळू गळतोय, रात्री दोन वाजता धावपळ व्हायच्या आधी दिवसा बघून घ्या. आणि तेवढंच प्रेशर ठेवायला रोज जास्त जास्त हवा लागत असेल तर कदाचित श्वासनलिकाच कफपाशी फुगत चाललीय, हे राउंडला स्वतःहून सांगा, डॉक्टर विचारायची वाट बघू नका.

हॅण्डओव्हरला पण आकडा बोला. "सात नंबर बेड, कफ २७, ट्यूब २२ ला," एवढं म्हणायला चार सेकंद लागतात.

८. ट्यूब काढताना

इथं प्रेशर मोजायचं नाही, पण कफचं काम संपलेलं नसतं. आधी तोंड, घसा, कफच्या वरचं सक्शन पूर्ण. मग सिरिंजने हवा सगळी ओढा, पायलट बलून चपटा झाला तरी सिरिंज अजून एकदा ओढून बघा, कधी कधी एक-दोन एमएल राहते आणि तीच स्वरयंत्राला घासत बाहेर येते.

पायलट बलूनची नळी कात्रीने कापून हवा सोडू नका. घाईत लोक करतात, पण कापलेलं तोंड दबून बंद होऊ शकतं आणि कफ आत फुगलेलाच राहतो. मग सिरिंज लावायला पण काही उरत नाही.